झेरॉक्सच्या दुकानातली प्रश्नावली : ऊसतोड पट्ट्यातल्या ज्येष्ठांच्या अभ्यासाचं एक प्रकरण

## पार्श्वभूमी

मराठवाड्यातल्या एका विद्यापीठाच्या समाजकार्य विभागाने २०२४-२५ मध्ये ग्रामीण ज्येष्ठांवर एक अभ्यास हाती घेतला. साठी ओलांडलेल्या माणसाला खेड्यात रोजचा आधार कुणाचा आणि कशाचा, एवढाच प्रश्न होता. चार गावांत घरोघर जायचं आणि घरातली माणसं, हातातला पैसा, तब्येत, सरकारी योजना यांची नोंद प्रश्नावलीत करायची. हे काम एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) विद्यार्थ्यांकडे होतं, कारण त्यांना क्षेत्रकार्याचे श्रेयांक हवे होते. त्याच माहितीवर एका संशोधक विद्यार्थिनीचा पीएचडीचा प्रबंध उभा राहणार होता.

मी त्या विभागाचा नाही. संशोधनाची नैतिकता तपासणाऱ्या समितीवर बाहेरचा सदस्य म्हणून मला बोलावलं जातं, त्यामुळे सगळे कागद आणि बैठकांमधले वाद जवळून पाहता आले. विभागाच्या संमतीने हे लिहितो आहे. तालुका आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत, आणि पाहणीतले आकडे मुद्दाम दिलेले नाहीत.

राज्याच्या पातळीवरची माहिती कमी नाही. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढचे ८.६ टक्के होते, महाराष्ट्रात ९.९ टक्के. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने इतर संस्थांसोबत केलेल्या ‘लासी’ (भारतातल्या वार्धक्याचा दीर्घकालीन अभ्यास) पाहणीच्या पहिल्या फेरीत, २०१७-१८ मध्ये, पंचेचाळिशीपुढच्या ७२ हजारांहून अधिक लोकांना प्रश्न विचारले गेले. पण ‘लासी’सारख्या पाहणीचे आकडे राज्यापाशी थांबतात. ऊसतोड पट्ट्यातला म्हातारा महाराष्ट्राच्या सरासरीत मुंबई-पुण्याच्या पेन्शनरशेजारी जाऊन बसतो आणि दिसेनासा होतो. विभागाला त्याला वेगळं काढून पाहायचं होतं, आणि हा हेतू चांगलाच होता.

निवडलेला तालुका ऊसतोडीचा. दसरा-दिवाळी झाली की मुकादम टोळ्या भरतात आणि नवरा-बायकोचा एकेक कोयता पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या कारखान्याला निघतो. कारखान्यांचे पट्टे पडले, म्हणजे हंगाम संपला, की पाडव्याच्या पुढेमागे माणसं परततात. मधल्या काळात गावात राहतात ती म्हातारी माणसं आणि शाळेत नाव असलेली लेकरं.

विभागाचं क्षेत्रकार्य डिसेंबर-जानेवारीत होतं. सत्राचं वेळापत्रक तसंच असतं, आणि ते ऊसतोडीच्या वेळापत्रकाशी ताडून बघावं असं तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही.

## अडचण कुठून कळली

पहिलं गाव पूर्ण झालं होतं, दुसरं सुरू होतं. तेवढ्यात तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेतल्या (निराधार आणि वृद्धांच्या पेन्शन योजना बघणाऱ्या) एका कर्मचाऱ्याचा विभागाला फोन आला. “तुमच्या विद्यापीठाचे फॉर्म आमच्याकडं यायलेत, ह्याचं काय करायचं?” माहितीपत्रकाच्या तळाशी विभागाचा नंबर होता, तो त्याने लावला होता.

चौकशी केल्यावर उलगडा झाला. एका घरात विद्यार्थ्याने माहितीपत्रकाबरोबर प्रश्नावलीचीही कोरी प्रत ठेवली होती. माहितीपत्रक ठेवणं बरोबरच होतं, ते सहभागी व्यक्तीकडे राहिलंच पाहिजे. पण प्रश्नावली तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात पोचली. दुकानदार लाडकी बहीण, वयोश्री, पीकविमा असे सगळेच फॉर्म गठ्ठ्याने ठेवायचा. लोक विचारायला लागले, “ते इद्यापीठाचं आलंय का?” म्हणून त्याने याच्याही प्रती काढून ठेवल्या. दहा रुपयाला एक. त्याची लबाडी नव्हती. लोक त्या भरून, आधार आणि रेशनकार्डाची झेरॉक्स टाचून तहसीलला देत होते.

विभागप्रमुख मॅडमनी सगळ्यांना बसवलं आणि प्रश्नावली नव्याने, गावातल्या माणसाच्या नजरेने वाचायला सांगितली. वर विद्यापीठाचं बोधचिन्ह, शेजारी विभागाचा गोल शिक्का. मग नाव, गाव, तालुका, वय. त्यापुढे चौकट : ‘वयाचा पुरावा पाहिला – होय/नाही’. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न. बँक खातं आहे का. शेवटी सही किंवा अंगठा. योजनेचा अर्ज म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

त्यात २०२४ चं वर्ष. जुलैपासून मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे अर्ज गावोगाव भरले गेले होते. त्याच वर्षी ६५ वर्षांपुढच्यांसाठी वयोश्री योजनेचे ३,००० रुपये जाहीर झाले होते, चष्मा, काठी, कमरेचा पट्टा असल्या साधनांसाठी. महिनोनमहिने हातात कागद घेऊन येणारा प्रत्येक माणूस काहीतरी देण्यासाठीच आला होता. त्या रांगेत शेवटी विद्यापीठाची पोरं उभी राहिली. ‘हा फक्त अभ्यास आहे, यातून कोणताही लाभ मिळणार नाही’ हे वाक्य संमतीपत्रात होतं आणि विद्यार्थी ते वाचूनही दाखवत होते. पण अंगठा घेऊन काहीच द्यायचं नाही, असा कागद त्या माणसांनी आयुष्यात कधी पाहिला नव्हता.

## उत्तरं कशी वाकली

संशोधक विद्यार्थिनी त्याच भागातली. पहिल्या गावातल्या काही घरी ती कागद न घेता पुन्हा गेली, शेंगा फोडत बसली, गप्पा मारल्या. प्रश्नावलीत जमीन नाही असं सांगणाऱ्याची दोन एकर कोरडवाहू निघाली. ‘लेक बघत नाही’ असं लिहून दिलेल्या म्हातारीचा लेक कारखान्यावरून मुकादमाच्या फोनवर दर आठवड्याला बोलत होता. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१ हजार रुपये आहे, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. एका कोयत्याची हंगामाची उचल त्याच्या कितीतरी पट असते. ती कर्ज आहे, कमाई नाही, हे खरं असलं तरी. एवढ्या कमी मर्यादेत बसायचं तर माणूस खरं उत्पन्न सांगणार तरी कसं?

तब्येतीचीही उत्तरं वाकली होती. प्रश्नावलीत अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, उठणं-बसणं, लघवी-शौचावर ताबा आणि जेवणं अशा सहा रोजच्या व्यवहारांचे प्रश्न होते. जगभर वृद्धांच्या अभ्यासात ते १९६० च्या दशकापासून वापरले जातात. ‘मला चालवतच नाही’ म्हणालेले एक आबा दुसऱ्या दिवशी शेळ्यांमागे बरड उतरताना दिसले. त्यांना विद्यार्थ्याने ओळख दिली तर तेच हसले. काठीचे पैसे येणार असतील तर पाय दुखलेलेच बरे, हा त्यांचा हिशेब होता.

सगळ्यात गोंधळ मात्र वयाचा होता. एका आजींना (इथे शेवंताबाई म्हणू) एका विद्यार्थिनीने वय विचारलं. त्या म्हणाल्या, “मागल्या बाईनं फॉर्म भरला तवा एकसष्ट लिवलं. तुला कितीचं पाहिजे माय?”

## वय म्हणजे कोणतं वय

या प्रकरणात सगळ्यात जास्त वेळ या प्रश्नाने खाल्ला, आणि तो सत्कारणी लागला असं मला वाटतं.

कोण साठीपुढचं हे ठरल्याशिवाय अभ्यासच सुरू होत नाही. आणि गावात वयाला दर आहे. ६५ च्या आत असाल तर लाडकी बहीण, ६५ पूर्ण असतील तर श्रावणबाळ आणि वयोश्री. एसटीत ६५ पासून अर्धं तिकीट, आणि ऑगस्ट २०२२ पासून ७५ पुढे फुकट प्रवास. माणूस एकच, पण कोणता कागद पुढे आहे त्यावर वय ठरतं.

मुळात जन्माची नोंदच नाही. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. त्यानंतरही वाड्या-तांड्यांवरच्या बाळंतपणाची वर्दी कोतवालाकडे जायची तेव्हा जायची. शाळेत न गेलेल्या बाईला निर्गम उताराही नाही. पुढे आधारच्या शिबिरात यंत्रावरच्या मुलाने चेहऱ्याकडे पाहून किंवा बरोबर आलेल्या सुनेने सांगितलं ते वय टाकलं. नुसतं वय सांगितलेल्यांची जन्मतारीख १ जानेवारी होते. पहिल्या गावात तर अख्खी आळी १ जानेवारीला जन्मलेली होती! मोटार अपघात भरपाईच्या एका खटल्यात ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वय ठरवायला आधारपेक्षा शाळेचा दाखला ग्राह्य धरला. पण ज्याच्याकडे शाळाच नाही त्याने काय दाखवायचं?

लोकसंख्याशास्त्रात यावर जुना उपाय आहे, स्थानिक घटनांवरून वय काढण्याचा. विभागाने दुसऱ्या गावच्या पारावर बसून यादी केली. रझाकारी, १९४८ ची पोलीस कारवाई, १९६० ला महाराष्ट्र झाला ते साल, १९७२ चा दुष्काळ, नामांतराची १९७८ ची दंगल, ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट. पुरुषांशी हे जुळलं. बायकांशी जुळेना. पारावर बायका नव्हत्याच, आणि त्यांच्या आठवणीत सालं लग्न, न्हाण आणि बाळंतपण यांना बांधलेली होती. मग विद्यार्थिनींनी बायकांची वेगळी यादी केली. तिचा मध्य एकच निघाला : बहात्तर. मिलो ज्वारीच्या भाकरी, सुकडी, खडी फोडायचं दुष्काळी काम. “तवा तुम्ही कामावर होता का? लगीन झालं होतं का? कडेवर कोण होतं?” या तीन प्रश्नांनी बाईचं वय चार-पाच वर्षांच्या पट्ट्यात बसतं.

शेवंताबाईंच्या आधारवर १ जानेवारी १९६३. पण बहात्तरला त्या थोरल्याला कडेवर घेऊन खडी फोडत होत्या. आधार खरं धरलं तर त्या वेळी त्या नऊ वर्षांच्या. म्हणजे खरं वय ६८ ते ७२ च्या दरम्यान कुठेतरी. ६५ च्या आत तर शक्यच नाही.

## समोरचे पर्याय

काम थांबवून बैठक झाली. चार वाटा मांडल्या गेल्या.

पहिली, संमतीचं वाक्य ठळक करून पुढे जायचं. ही कुणालाच पटली नाही, कारण वाक्य ऐकू न आल्याची अडचण नव्हतीच. दुसरी, पहिल्या गावाची माहिती टाकून देऊन उन्हाळ्यात, माणसं परतल्यावर, पुन्हा सुरुवात करायची. तिसरी, अभ्यासाचा विषयच बदलून योजनेच्या कागदांपर्यंत पोचण्याची वाट हाच विषय घ्यायचा. चौथी, पाहणी चालू ठेवायची पण सोबत लोकांना अर्जासाठी खरीखुरी मदत करायची.

चौथ्या वाटेवर विभाग दुभंगला. संख्याशास्त्र शिकवणाऱ्या ज्येष्ठ प्राध्यापकांचं म्हणणं होतं की मदत सुरू केली की पुढच्या गावांत प्रत्येक जण मदतीच्या आशेनेच बोलणार. हे उत्तरं विकत घेणं झालं. मॅडमचं म्हणणं, “आपण समाजकार्य विभाग आहोत. म्हातारीच्या पुढ्यात तिचा अडलेला अर्ज दिसत असताना आपण तिला दिवसातून किती वेळा अंघोळ करता असं विचारून उठून यायचं?”

मला दोघांत प्राध्यापकांची भीती खरी वाटली, पण त्यांचा निष्कर्ष नाही. उत्तरं वाकली ती मदत न करता वाकली होती. मदत रोखून ती सरळ होणार नव्हती. उलट खरा अर्ज कुठे करायचा हे माणसाला कळलं, तर खोट्या अर्जाची गरज उरत नाही, असा माझा तर्क होता. प्राध्यापक म्हणाले, हे सिद्ध करून दाखवा. तेव्हा ते सिद्ध करता येण्यासारखं नव्हतं.

उन्हाळ्यात पुन्हा करायच्या वाटेवरही बराच खल झाला. हिवाळ्यात विचारलं ‘कुणाबरोबर राहता?’ तर उत्तर येतं एकटा किंवा नातवंडांबरोबर. मे महिन्यात त्याच घरात तेच उत्तर लेक-सुनेबरोबर असं येईल. दोन्ही खरी. मात्र संशोधक विद्यार्थिनीने एक गोष्ट दाखवून दिली : लेक-सून गावात नसताना म्हातारी माणसं मोकळं बोलतात. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा माहीत आहे का, या प्रश्नाला बहुतेकांनी ‘लेकाला कचेरीत कोण वढील?’ असंच म्हटलं. पण मागे कुणी ऐकणारं नाही हे पाहून दोघी-तिघींनी जमिनीच्या वाटणीबद्दल जे सांगितलं, ते मे महिन्यात ओसरीवर कुणी सांगितलं नसतं. म्हणून हिवाळा सोडायचा नाही असं ठरलं.

## काय केलं

बोधचिन्ह, शिक्का, छापील चौकटी सगळं गेलं. विद्यार्थी साधी दोनशेपानी वही घेऊन जाऊ लागले आणि उत्तरं संध्याकाळी मुक्कामी आल्यावर तक्त्यात भरू लागले. यात वेळ दुप्पट गेला आणि विद्यार्थ्यांची कुरकुरही झाली. अंगठ्याऐवजी तोंडी संमती, गावातल्या एका साक्षर पण ग्रामपंचायतीत नसलेल्या साक्षीदारासमोर, अशी परवानगी समितीने दिली. आधार बघायचं बंद केलं. आधी घटनांवरून वय काढायचं, मग सहज विचारायचं, “कागदावर किती लिवलंय?” तक्त्यात दोन्ही वयं वेगवेगळ्या रकान्यांत.

घरात कोण राहतं याचेही दोन प्रश्न झाले : आज रात्री या घरात कोण झोपणार, आणि दिवाळी ते पाडवा कोण नसतं. आणि एक प्रश्न नव्याने आला, जो मूळ प्रश्नावलीत असायलाच हवा होता : ‘तुम्ही कुणाला सांभाळता?’ आधी फक्त ‘तुम्हाला कोण सांभाळतं’ एवढंच विचारलं जात होतं. पाठ्यपुस्तकात साठीपुढची माणसं पंधरा ते एकोणसाठ वयाच्यांवर अवलंबून धरून गुणोत्तर काढतात. या गावांत डिसेंबरात तीन-तीन नातवंडांचा स्वयंपाक, शाळा, ताप हे सगळं साठ-सत्तरच्या बाईच्या हातात असतं, आणि कारखान्यावर गेलेला कोयता तिच्या जिवावर गेलेला असतो. अवलंबून कोण कुणावर, हे विद्यार्थ्यांना कोणत्याही व्याख्यानापेक्षा या एका प्रश्नाने शिकवलं. विभागाने पुढच्या वर्षीच्या अभ्यासक्रमात हा भाग घेतला.

मदतीचं ठरलं ते असं. चारही गावांत एकेक ‘कागदांचा दिवस’. तलाठी, ग्रामपंचायत अधिकारी, आपले सरकार सेवा केंद्राचा चालक आणि बँक मित्र, सगळ्यांना एका ठिकाणी बसवायचं. पाहणीत असो नसो, गावातल्या कुणालाही येता येईल. पाहणी करणारे विद्यार्थी तिथे बसणार नाहीत, दुसरी तुकडी बसेल, आणि दोन्हींच्या नोंदवह्या एकमेकांना दाखवायच्या नाहीत. तिसऱ्या आणि चौथ्या गावात हा दिवस पाहणीच्या आधी ठेवायचा, की लोकांनी अर्जाचं काम उरकूनच विद्यार्थ्यांशी बोलायला बसावं. प्राध्यापकांनी याला होकार दिला, लेखी नाराजी नोंदवून.

पहिल्या गावाच्या माहितीचं काय, यावर विभागाला तब्येतीची उत्तरं ठेवायची होती, फक्त उत्पन्नाची गाळायची होती. मी विरोध केला. शेळ्यांमागचे आबा माझ्या डोळ्यांपुढे होते. शेवटी ते गाव मुख्य विश्लेषणातून बाहेर काढून पद्धतीच्या प्रकरणात घेतलं गेलं.

## काय झालं

तिसऱ्या आणि चौथ्या गावात बोलणं निराळं झालं. लोक जमीन सांगू लागले, उचलीचा आकडा सांगू लागले. ‘आम्हाला पगार (योजनेचे पैसे) चालू आहे, तुम्हाला काय लिहायचं ते लिहा,’ असं म्हणणारेही भेटले. प्राध्यापकांनी यावर म्हटलं की गावंच वेगळी आहेत, मदतीचा परिणाम म्हणता येणार नाही. त्यांचं बरोबर आहे. तुलनेला गाव सोडलेलंच नव्हतं.

कागदांच्या दिवसाचं फळ संमिश्र. रेशनकार्डावरचं नाव आणि बँकेतलं नाव न जुळणं, खातं आधारशी न जोडलेलं असणं, हयातीचा दाखला न दिल्याने थांबलेले पैसे, ही कामं त्याच दिवशी किंवा आठवड्यात मार्गी लागली. कोयता चालवून बोटांच्या रेषा झिजलेल्यांचा अंगठा यंत्रावर उमटेना, तिथे डोळ्यांच्या यंत्राची वाट पाहावी लागली. उत्पन्नाच्या दाखल्यापाशी बरेच अडले, आणि तिथे विभाग काही करू शकला नाही.

शेवंताबाईंचा अर्ज मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिला. श्रावणबाळसाठी वयाचा पुरावा म्हणून ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकाचा दाखला चालतो. अधिकाऱ्यांनी रास्त प्रश्न केला : साठीनंतर हाडांवरून नेमकं वय निघत नाही, कागद दाखवा. कागद म्हणजे आधारच. मदत करणाऱ्या तुकडीतल्या एका मुलाला सुचलं की थोरला लेक जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकला आहे. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात लेकाचा जन्म १ जून १९७१ निघाला. १९६३ मध्ये जन्मलेल्या बाईला १९७१ मध्ये मूल होत नाही, हे अधिकाऱ्यांनी मान्य केलं आणि दाखला द्यायची तयारी दाखवली.

तेव्हा शेवंताबाईंनीच नको म्हटलं. आधारवर ६१ असल्यामुळे त्यांना लाडक्या बहिणीचे १,५०० रुपये महिन्याला येत होते. श्रावणबाळचेही तेवढेच. वय दुरुस्त केलं की पहिले बंद होणार हे नक्की, दुसरे कधी सुरू होतील ते योजनेचे अर्ज मंजूर करणाऱ्या समितीच्या बैठकीवर. आणि आधारवरची जन्मतारीख एकदाच बदलता येते. “येतंय ते येऊ द्या. लेक आला की बघू.” मुलं हिरमुसली. मला शेवंताबाईंचा हिशेब विभागाच्या हिशेबापेक्षा पक्का वाटला.

## यादी मागितली गेली

खरा कठीण निर्णय यानंतर आला, आणि त्याची तयारी कुणीच केलेली नव्हती.

विभागाच्या तक्त्यात आता दोन वयांचे रकाने शेजारी शेजारी होते. कागदावर ६५ च्या आत पण घटनांवरून ६५ पुढे, अशा बायका त्यात सरळ दिसत होत्या, आणि त्यातल्या कुणाला कोणते पैसे मिळतात तेही. २०२५ च्या सुरुवातीला लाडकी बहीण योजनेची पडताळणी सुरू झाली. कागदांच्या दिवशी ज्यांनी मनापासून मदत केली होती, त्याच कार्यालयातून तोंडी विचारणा आली : “तुमच्याकडं वयाची यादी तयार आहे ना, आम्हाला द्या, काम सोपं होईल.” त्यांचा हेतू वाईट नव्हता. शेवंताबाईंसारख्यांना श्रावणबाळमध्ये आणता येईल असंही ते म्हणाले.

विभागात एक मत होतं की द्यावी; सार्वजनिक पैसा आहे, आणि पुन्हा त्या कार्यालयात जायचं आहे. मॅडम आणि प्राध्यापक, आधी भांडलेले दोघे, या वेळी एका बाजूला होते : द्यायची नाही. संमती घेताना फक्त अभ्यासासाठी असं सांगितलं होतं. शिवाय घटनांवरून काढलेलं वय हा पट्टा असतो. प्रबंधासाठी तो पुरतो, पण एखादीचे पैसे थांबवायला तो पुरावा नाही. कार्यालयाला तसं लेखी कळवलं गेलं, आणि सोबत घटनांची यादी देऊन ही पद्धत अर्जदार स्वतः विनंती करेल तेव्हा वापरता येईल असं सुचवलं. यादी पुन्हा मागितली गेली नाही. त्यानंतर कागदांचा दिवस मात्र त्या तालुक्यात झालेला नाही; तलाठी ‘वेळ मिळाला की कळवतो’ म्हणतात.

## वेगळं काय करता आलं असतं

पूर्वचाचणी विद्यापीठाच्या शहराजवळच्या गावात, पावसाळ्यात झाली होती. तिथे ऊसतोड नाही आणि विद्यापीठाची मुलं लोकांच्या रोजच्या ओळखीची. तिथे पास झालेली प्रश्नावली या तालुक्यात चालणार नव्हती. पूर्वचाचणी त्याच पट्ट्यात, कोयते गेल्यानंतर व्हायला हवी होती. समितीपुढे प्रस्ताव आला तेव्हा हे विचारण्याची जागा आमच्या तपासणी-तक्त्यात नव्हती, आता आहे.

एक गाव मदतीशिवाय ठेवावं, म्हणजे तुलना होईल, असं प्राध्यापक अजूनही म्हणतात. मदत नाकारण्याऐवजी उशिरा देऊन ते करता आलं असतं : तिसऱ्या गावात आधी कागदांचा दिवस, चौथ्यात आधी पाहणी आणि लगेच कागदांचा दिवस. एवढं केलं असतं तर मॅडमची अट मोडली नसती आणि प्राध्यापकांच्या प्रश्नाला उत्तर मिळालं असतं. ते तेव्हा कुणाला सुचलं नाही.

तलाठ्यांना आणि सेवा केंद्राला बोलावताना माहिती कुणाची, तिचं काय होणार, हे आधी लिहून घ्यायला हवं होतं. नंतर नकार देताना जी कटुता आली ती टळली असती.

राहता राहिली नावांची यादी. तक्त्यात नुसते क्रमांक आहेत, पण कोणता क्रमांक कुणाचा हे सांगणारी वही मॅडमच्या कपाटात आहे. तक्ता पूर्ण झाल्यावर ती नष्ट करावी असं मी सुचवलं. प्रबंधाच्या मौखिकीत परीक्षक मूळ नोंदी मागू शकतात, म्हणून तोवर ठेवावी लागेल असं विभागाचं म्हणणं. तोपर्यंत कपाटाला दोन कुलपं, एक किल्ली प्राध्यापकांकडे, एवढ्यावर तूर्त एकमत झालं आहे.